अनवाणी महाराजांनी वहाणा घातल्या

अनवाणी महाराज चिलारवाडीत कुठून आले हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि विचारायची कोणाची छातीही झाली नाही. एका वैशाखात भर दुपारी ते गावाबाहेरच्या भैरोबाच्या देवळात येऊन बसले, ते बसलेच. कमरेला एक पंचा, हातात काही नाही, आणि पायात तर कधीच काही नाही. गावकरी टाचा उचलून पळत सुटावेत असा खडक तापलेला असायचा, पण महाराज त्यावरून शेणाने सारवलेल्या अंगणातून चालल्यासारखे सावकाश चालत. चाळीस वर्षांत त्यांच्या पायात वहाण कोणी पाहिली नव्हती. एखाद्या भक्ताने कौतुकाने नवा जोड आणून पुढे ठेवला, की महाराज हसून म्हणत, "बाबा, ज्याला लांब जायचंय त्याला दे. मला कुठं जायचंय?"

आता जी हकीकत सांगायची आहे ती पहिल्या महायुद्धाच्या वेळची. चिलारवाडी हे पलटणीचे गाव. त्या साली गावातले बारा तरुण बसऱ्याकडच्या मोहिमेवर गेले होते. बसरा म्हणजे नक्की कुठे, हे गावात दोघांतिघांनाच सांगता आले असते. बाकीच्यांना एवढेच माहीत, की बोटीत बसून जायचे असते आणि तिथे झाड दिसत नाही.

या गावात एक रीत होती, आणि ती दुसऱ्या कुठल्या गावात आहे असे आम्ही तरी ऐकले नाही. पोरगा पलटणीत निघाला की भैरोबाच्या पाया पडून घरच्या वहाणा देवळाच्या ओवरीत काढून ठेवायचा. तिथून वेशीपर्यंत अनवाणी जायचे आणि वेस ओलांडल्यावर सरकारी बूट घालायचे. वहाणा ओवरीत वाट बघत राहायच्या. परत आला की पोरगा आधी देवळात यायचा, आपल्याच वहाणांत पाय घालायचा आणि मग घरी जायचा. आणि देव न करो, पण एखादा परत आलाच नाही, तर त्याचा जोड नदीत सोडायचा. तो सोडल्याशिवाय घरात दिवसकार्य सुरू करायचे नाही, अशी ही पद्धत होती.

या वहाणांची राखण केरू चांभाराकडे होती. राखण कसली, सेवाच ती! दर रविवारी सकाळी केरू करंजाच्या तेलाची वाटी घेऊन ओवरीत बसे. एकेक जोड मांडीवर घेऊन तेल चोळी, म्हणजे कातडे वाळून ताठ होऊ नये. तेल लावता लावता ज्याचा जोड असेल त्याचे नाव घेई, आणि जमलेल्या आयाबाया, म्हातारीकोतारी माणसे एका सुरात म्हणत, "चांगभलं!" बारा जोड, बारा नावे, बारा वेळा चांगभलं. गावाची प्रार्थना म्हणाल तर एवढीच होती. महाराज खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत बसत.

गावातल्या एकाच माणसाला हे रुचत नसे, आणि तो म्हणजे सुभेदार हैबतराव. पंचवीस वर्षे पलटणीत काढून आलेला माणूस. मिशा पिळदार, पाठ ताठ, आणि पाठीपेक्षा मान ताठ. माणूस वाईट नव्हता हो, पण ताठा! ते बाराही जण त्यांनीच भरती केले होते. घरोघर हिंडून, मर्दुमकीच्या गोष्टी सांगून. त्या बारांत त्यांचा स्वतःचा एकुलता एक मुलगा शिदोजीही होता. शिदोजीच्या वहाणा ओवरीत ठेवल्या होत्या त्या सुनेने, अनसूयेने, सासऱ्याच्या नकळत.

एका रविवारी सुभेदार देवळावरून चालले होते. केरूच्या मांडीवर शिदोजीची डावी वहाण होती. लहानपणी झाडावरून पडून शिदोजीचे डावे पाऊल जरा ओढत पडे, म्हणून त्या वहाणेची टाच लवकर झिजे. केरूने तिथे जाड कातड्याचे ठिगळ लावले होते, पिंपळाच्या पानाच्या आकाराचे, आणि त्यावर पाच खिळे ठोकले होते. सुभेदार थांबले, वाकून बघितले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "सुभेदाराच्या लेकाच्या पायात ठिगळ? आणि काय रे केरू, तेल चोळून गोळी चुकत असती, तर सरकारनं पलटणीत चांभारच भरती केले नसते का?"

चारजण हसले. केरूने मान खाली घातली आणि तेल चोळत राहिला. महाराजांनी डोळे उघडून एकदा सुभेदारांकडे पाहिले आणि पुन्हा मिटले.

त्यानंतर महिनाभरातच तार आली.

तार इंग्रजीत होती. शाळेच्या मास्तरांनी ती दोनदा वाचली आणि अडखळत अर्थ सांगितला, की शिपाई शिदोजी लढाईनंतर बेपत्ता आहे. सुभेदारांनी तार हातात घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण आत त्या माणसाचे काय झाले असेल ते आपण समजू शकतो. बेपत्ता म्हणजे काय हे त्यांना चांगलेच ठाऊक होते. त्यांनी स्वतः पलटणीत असताना अशा बेपत्ता माणसांची हजेरीपटावरची नावे खोडली होती, आणि त्यातला एकही परत आलेला त्यांनी पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी सुनेला बाहेर बोलावून म्हणाले, की उद्या वहाणा नदीत सोडू, पुढचं काय ते रीतीप्रमाणे होईल. पुढचं म्हणजे कुंकू आणि बांगड्या, हे सांगायला नको. अनसूया वीस वर्षांचीसुद्धा नव्हती. तिने पदर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याला उलट विचारले, "मामंजी, तारेत मेले असं लिवलंय का?"

सुभेदार संतापले. खरे सांगायचे तर त्यांना आशा सोसत नव्हती. रोज वाट बघत झुरण्यापेक्षा एकदाचा घाव बसून जावा, असे त्यांना वाटत होते. आणि आपल्याला वाटते तेच खरे, ही त्यांची जुनी खोड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव देवळापाशी जमला. सुभेदार काठी घेऊन ओवरीच्या पायरीशी उभे राहिले. केरूने शिदोजीच्या वहाणा छातीशी धरल्या होत्या.

"दे इकडं," सुभेदार म्हणाले.

केरू उभा राहिला. त्याने वहाणा आणखी घट्ट धरल्या. "न्हाई देनार, सुभेदार. कातडं अजून मऊ हाय. ज्याचा पाय यायचा नसंल त्याचं कातडं माझ्या हाताला कळतं."

गाव गारच पडला. केरूने उभ्या जन्मात कोणाला नाही म्हटलेले नव्हते, आणि आज म्हटले ते थेट सुभेदारांना! सुभेदारांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांची काठी वर गेली.

"केरबा," खांबापासून आवाज आला, "त्या वहाणा आण. माझ्या पायात घाल."

काठी वरच्या वरच राहिली. लोकांना वाटले, आपण चुकीचे ऐकले. एका म्हातारीने तर "अगंबाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. महाराजांनी पाय पुढे केले होते. चाळीस वर्षांच्या भेगा पडलेले, काळेभोर, दगडासारखे पाय. केरू रडत रडत खाली बसला, त्याने एकेक वहाण त्या पायांत सरकवली आणि अंगठा नीट बसवला.

महाराज म्हणाले, "हैबतराव, मला तीन दिवस द्या. तीन दिवसांनी वहाणा परत घ्या. मग नदीत सोडा नाहीतर डोक्यावर घ्या, तुमची मर्जी."

एवढे बोलून महाराजांनी पाय जमिनीला टेकवले, पाठ खांबाला लावली आणि डोळे मिटले.

सुभेदारांना हे सगळे थोतांड वाटले. पण गावादेखत संताशी झगडायचे कसे? ते म्हणाले, की ठीक आहे, मीही इथेच बसतो, तीन दिवस या पायांवरची नजर हलवणार नाही, बघू काय चमत्कार होतो तो. आणि ते खरोखरच समोर ठाण मांडून बसले, पहाऱ्यावर बसावे तसे. जेवण तिथेच, झोप नाही. पहिला दिवस गेला, काही घडले नाही. महाराजांचा श्वास मात्र चढावर चाललेल्या माणसासारखा जड येत होता. सुभेदारांनी ते ऐकले आणि म्हातारपण म्हणून सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आले आणि सुभेदारांना महाराजांच्या उजव्या टाचेशी काहीतरी चमकताना दिसले. ते पुढे सरकले. वाळू होती. चिमूटभर, पांढुरकी, पिठासारखी बारीक. त्यांनी हाताने झटकून टाकली. बघता बघता पुन्हा जमली. बोटांच्या फटींतून, अंगठ्याखालून वाळू गळत होती! पाय तर तसूभर हलले नव्हते. सुभेदारांनी कोणाला न सांगता ती चिमूट जिभेला लावली. खारट. आपल्या नदीची वाळू काळसर आणि जाडीभरडी. ही वाळू त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती, एडनच्या ठाण्यावर असताना, समुद्रापलीकडे.

कोणीतरी आणून टाकली असेल, असे त्यांनी स्वतःला बजावले. पण टाकणार कोण? समोर तर तेच बसले होते.

दुपारनंतर केरू पाणी घेऊन आला आणि वहाणांकडे बघून मटकन खालीच बसला. म्हशीच्या जाड कातड्याचा दुहेरी तळ, दोन वर्षे झिजायचा नाही असा त्याने स्वतः शिवलेला. तो कडेने झिजून कागदासारखा झाला होता, टाके उसवले होते. महाराजांच्या ज्या टाचेला वैशाखाचा खडक कधी टोचला नाही, तिला फोड येऊन रक्त निथळत होते. अनसूया पुढे झाली, पदराने रक्त टिपू लागली. तिला कोणी अडवले नाही.

तिसऱ्या दिवशी माध्यान्हीला सुभेदारांच्या गुडघ्याला ओल लागली. त्यांनी दचकून खाली बघितले. महाराजांच्या वहाणांतून पाणी ठिबकत होते. गढूळ, मातकट पाणी. ओवरीच्या फरशीवरून ओघळ वाहत त्यांच्या धोतराला येऊन भिडला होता. आणि ओवरीत त्या दिवशी कोणी थेंबभर पाणी सांडले नव्हते.

महाराजांनी डोळे उघडले. आवाज अगदी बसला होता. ते म्हणाले, "नदी लागली. सातजण पाण्याला पोचले. केरबा, काढ रे आता या. आणि यांना हात लावू नकोस, शिवू नकोस. जशा आहेत तशा ठेव."

मग सुभेदारांकडे वळून त्यांनी शांतपणे विचारले, "हैबतराव, नेताय ना?"

सुभेदारांनी हात पुढे केला. पण वहाणांना शिवण्याआधीच त्यांनी तो मागे घेतला आणि ते घरी निघून गेले. वहाणा नदीत गेल्या नाहीत, त्यामुळे घरात दिवसकार्य झाले नाही, आणि अनसूयेच्या हातातल्या बांगड्या हातातच राहिल्या.

महिन्याभराने बसऱ्याच्या इस्पितळातून पत्र आले. शिदोजी जिवंत होता! डाव्या दंडाला गोळी लागली होती, पण जखम भरत होती. गावाने देवळात नारळ फोडले, अनसूया तर महाराजांच्या पायांवरून उठेचना. सुभेदारही ढसाढसा रडले, पण घराचे दार लावून. बाहेर आल्यावर चारचौघांत म्हणाले, की पलटण आपल्या माणसाला टाकत नाही, शोधून काढतेच. वाळूबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. खरे तर त्यांना तेव्हापासून झोप लागत नव्हती, पण वाकायचे म्हणजे काय हे त्या मानेला माहीतच नव्हते.

चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, शिदोजी रजेवर आला. केरूचे तेल लावणे चालू होते, गाव जमलेला होता. मुद्दाम म्हणूनच कोणी त्याला पत्रातून वहाणांबद्दल काही कळवलेले नव्हते. महाराजांनीच तसे सांगितले होते. वेशीवर त्याने बूट काढले आणि रीतीप्रमाणे अनवाणी देवळात आला. सुभेदार दाराशी उभे होते. मुलाने त्यांच्या पाया पडून, भैरोबाच्या पाया पडून ओवरीत पाय ठेवला आणि हसत म्हणाला, "केरूतात्या, माझ्या वहाणा?"

केरूने संकोचत तो फाटका जोड पुढे केला. शिदोजीने डावी वहाण उचलली, सहज उलटी केली, आणि त्याचे हसू जागच्या जागी विरले. तोंडावरचे रक्त उतरले. त्याने ठिगळावरून बोट फिरवले, एकेक खिळा मोजला. चार होते. पाचव्याच्या जागी नुसते भोक होते.

"ह्या कोन घालून गेलतं?" त्याने विचारले. तो बापाकडे वळला. "आबा, सांगा की! ह्या वहाना तिथं कशा आल्या?"

सुभेदार त्या भोकाकडे बघत राहिले. शेवटी शिदोजीच बोलू लागला. लढाईत त्याची तुकडी फुटली. तो आणि आणखी सहाजण आठवडाभर वाळवंटात भरकटले. पाणी घोटघोट उरले, सूर्य डोक्यावर, चहूकडे सारखेच मैदान, दिशा कळेना. शत्रूच्या हाती सापडण्यापेक्षा इथेच पडून राहावे, असे ठरवून सगळे आडवे झाले होते. तेवढ्यात शिदोजीला वाळूत पाऊल दिसले. बुटाचे नव्हे, वहाणेचे.

"आबा, डाव्या टाचंला पिंपळाचं पान हुतं. त्यात पाच टिपकं. मला वाटलं, भरमलो मी. त्या मुलखात केरूतात्याचं ठिगळ कुठलं? पर डावं पाऊल जरा वढल्यालं, माझ्यासारखंच. म्या सगळ्यास्नी उठवलं. म्हनलं, ही माझ्या गावची वाट हाय, चला."

तीन दिवस ते सातजण त्या पावलांमागून चालले. वारा सुटला होता, त्यांची स्वतःची पावले मागच्या मागे बुजत होती, पण पुढचे पाऊल सदा ताजे. माणूस मात्र कधी दिसला नाही. वाटेत एके ठिकाणी, खडकाळ जागी, शिदोजीला काहीतरी टोचले आणि त्याने ते उचलून जपून ठेवले. तिसऱ्या दिवशी दुपारी पावले नदीच्या पाण्यात शिरली आणि संपली. पलीकडच्या काठावर आपल्याच पलटणीचे तंबू होते.

एवढे सांगून शिदोजीने खिशातून रुमालाची गाठ काढली आणि सोडली. आत एक खिळा होता. केरूने तो घेतला आणि वहाणेच्या रिकाम्या भोकात घातला. तो चपखल बसला.

हैबतराव सुभेदारांच्या हातातून काठी गळून पडली. ते महाराजांपाशी कसे पोचले ते त्यांनाही कळले नाही. गुडघे टेकून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला मान वाकवली, तर महाराजांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले.

"इथं नाही, हैबतराव," महाराज म्हणाले. "मी चाललो खरा. पण अनवाणी चाललो असतो, तर त्या वाळूत माझं पाऊल कोणी ओळखलं असतं? माणसाचं पाऊल सगळीकडं सारखंच. तुमच्या लेकानं ओळखलं ते ठिगळ. ज्यानं ते लावलं, तो तुमच्या मागं उभा आहे."

सुभेदार वळले. केरू घाबरून मागे सरकत होता, "न्हाई, न्हाई, सुभेदार" म्हणत होता. सुभेदारांनी त्याचे तेलाने माखलेले दोन्ही हात धरले, त्या फाटक्या वहाणा आपल्या डोक्यावर घेतल्या आणि केरूच्या पायांवर पालथे पडले. गावाने असे दृश्य कधी पाहिले नव्हते. केरू मोठमोठ्याने रडत होता, आणि शिदोजी बापाकडे बघतच राहिला होता.

सुभेदार उठले तेव्हा महाराजांनी तेलाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "अजून अकरा जोड आहेत," महाराज म्हणाले. "ही पोरंही तुम्हीच धाडलीत."

सुभेदार खाली बसले. पहिला जोड मांडीवर घेऊन त्यांनी बोटे तेलात बुडवली आणि नाव घ्यायला तोंड उघडले. पण नाव आठवेना. पलटणीतला नंबर पाठ होता, उंची, छातीचे माप, सगळे पाठ होते. नाव तेवढे ध्यानात नव्हते. समोर त्या पोराची आई उभी होती, तिच्याकडे त्यांना बघवेना. केरू हळूच शेजारी टेकला आणि त्यांच्या कानाशी कुजबुजला, "रखमाजी."

"रखमाजी," सुभेदार म्हणाले. कातड्यावर तेलाबरोबर त्यांच्या डोळ्यांतले पाणीही पडत होते, आणि ते दोन्ही चोळत होते.

आई म्हणाली, "चांगभलं."